बरण्यांची झाकणं वाजली तेव्हा

आबा, माझ्या नोकरीची इमारत बघायला तुम्ही आला होतात, त्या दिवसाबद्दल आपण दोघं नंतर कधीच नीट बोललो नाही. आईपुढं तो विषय निघाला की तुम्ही तंबाखूची पिशवी शोधायला लागायचात आणि मी चहा ठेवायला उठायचे. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला एकेक अक्षर लावून सावकाश वाचायची सवय होती, तेव्हा मीही घाई न करता लिहिते.

माधवनगरात आपल्या गल्लीत एकेकानं कौलं उतरवली, स्लॅब टाकला, वर पाण्याच्या टाक्या बसवल्या, पापड वाळत घातले. आपल्या डोक्यावर मात्र पत्राच राहिला. कापडाच्या मिलमधल्या माणसाला स्लॅब झेपला नसता असं नाही, तुम्हाला तो नकोच होता. पत्रा पडला तर टाके पडतात, स्लॅब पडला तर माणूस काढायला पहार लागते, एवढंच तुम्ही म्हणायचात. वैशाखात दुपारचं घरात बसवत नसे. आई ओला पदर डोक्यावर घेऊन भाकरी थापायची आणि म्हणायची, आमच्या घरात भूकंपानं कुनी मरायचं न्हाई, उन्हानं मरंल. तुम्ही हसायचात आणि दुसरी भाकरी मागायचात.

तुमचं गाव पाटणकडचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. त्या पहाटेच्या भूकंपात घर बसलं तेव्हा तुम्ही विशीतले होता. आजी आधी बाहेर आली होती, एवढं मला ठाऊक होतं. मग ती परत आत गेली आणि मधली भिंत तिच्यावर आली. ती परत का गेली, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही ताटावरून उठून गेलात, आणि ताटावरून उठणाऱ्यातले तुम्ही नव्हता. पुढं तुम्ही गाव सोडलंत, सांगलीकडं आलात, मिलमध्ये लागलात. येताना सामान थोडं होतं, भीतीच जास्त होती. मागांच्या खात्यात दिवसभर जमीन थरथरायची, त्याचं तुम्हाला काही वाटायचं नाही. मागाचा हादरा पायात येतो आणि जमिनीचा पोटात येतो, असं तुम्ही सांगायचात. मला तो फरक कधी कळला नाही. मला दोन्ही पोटातच यायचे.

स्वयंपाकघरातल्या फळीवर तुम्ही तांब्या पालथा घालून ठेवायचात, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर लहानसं फुलपात्र. जमीन जरा हलली की ती उतरंड खणखणत खाली यावी आणि आपण जागे व्हावं. खोऱ्यात तुम्ही तसंच करायचात म्हणे. आपल्याकडं ती मांजरानं पाडली, उंदरानं पाडली, उसाच्या ट्रकनं पाडली, आणि दर वेळी आपण तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी गल्लीत. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, असा तुमचा नियम होता. आणि गल्लीतल्या सार्वजनिक नळाच्या कोंडाळ्यापाशी पोचलं की मोठ्यानं ओरडायचं, "मी भाईर हाय." तुम्ही अधूनमधून मुद्दाम उतरंड पाडून आमची परीक्षा घ्यायचात. मी पाटी टाकून पळाले आहे, ताट टाकून पळाले आहे, एकदा तर केसांना शिकेकाई चोळलेली तशीच नळापाशी जाऊन ओरडले आहे. गल्ली हसायची. शाळेत मला भूकंपाची पोर म्हणायचे. त्याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण भांडी वाजली की मला कुणाचं हसू ऐकूच यायचं नाही. पाय आपले आपण निघायचे.

नव्वद सालानंतर शहरात ते कलासंग्रहालय उभं राहिलं, तेव्हा मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन घरी बसले होते. हळदीच्या व्यापारातल्या एका घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चिनी मातीची भांडी शहराला देऊन टाकली होती. ती ठेवायला मुंबईहून कुणी नव्या विचारांचा आर्किटेक्ट आणला. त्यानं उघड्या काँक्रीटची इमारत बांधली. गिलावा नाही, रंग नाही, भिंतींवर सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच. आत जिन्याऐवजी लांब उतार. हिरवळीच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत सलग काच, आणि हिरवळीवर लांबच्या लांब पुढं आलेलं छप्पर, त्याला एकही खांब नाही. सांगलीकर सायकल थांबवून बघायचे आणि म्हणायचे, पैसं संपलं वाटतं, गिलावा ऱ्हायला. बाहेरगावची माणसं मात्र तीच इमारत बघायला मुद्दाम यायची आणि गवतावर आडवं होऊन फोटो काढायची. तिथं भांड्यांची निगा राखायला आणि लोकांना माहिती सांगायला माणूस हवं होतं. मला बोलावणं आलं. आनंद व्हायचा तो झाला, पण त्याच्याही आधी मनात काय आलं, तर आपल्या डोक्यावर केवढं काँक्रीट असणार. तुमचीच लेक मी.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नाही म्हटलं असतंत तर भांडता तरी आलं असतं. मी आदी बगनार, मग सांगनार, एवढंच बोललात. घरात स्थळं यायला लागली होती. ही नोकरी हुकली तर येत्या लग्नसराईत मी कुणाच्या तरी घरी पोहे करत असणार, हे आईला कळत होतं आणि मला तर पक्कंच कळत होतं. भांड्यांवर बोट फिरवून ती कुठल्या मातीची, कुठल्या भट्टीतली हे शिकावं असं मला फार वाटत होतं. दुसरं काही एवढं हवं असं मी त्याआधी मागितलंच नव्हतं. आणि सगळं तुमच्या एका बघण्यावर होतं.

आपण सिटी बसनं जातो. तुम्ही इस्त्रीचा सदरा आणि लेंगा घातला आहे, टोपी नवी आहे. फाटकातून आत आल्यावर तुम्ही हिरवळीवरच थांबता आणि त्या पुढं आलेल्या छपराकडं बघत राहता. दारावरचा वॉचमन मिलिटरीतून रिटायर झालेला, तो म्हणतो, आत या की पाव्हणं, तुमी म्हंजी घरचीच मानसं. तुम्ही ऐकतच नाही. मग संग्रहालयाच्या प्रमुख बाई स्वतः बाहेर येतात. बाई पुण्याच्या, स्वभावानं मोकळ्या. तुम्ही त्यांना विचारता, हे कशावर हुबं हाय. त्या न कंटाळता समजावतात, की जेवढं पुढं आलंय त्याहून जास्त वजन मागं आहे, मागची बाजू पुढचीला धरून ठेवते. "आनि मागचीला?" तुम्ही विचारता. "मागचीला जमिनीनं धरलंय, काका," बाई हसून सांगतात. तुमचा चेहरा उतरतो. जगात तुमचा ज्या एका गोष्टीवर विश्वास नव्हता ती म्हणजे जमीन, पण हे त्या बाईंना कुठून माहीत असणार. मला वाटतं, संपलं, आता इथूनच परत. पण तुम्ही दाराशी चपला काढता. कुणी काढायला सांगितलेल्या नसतात. तळपायाला कळायला हवं म्हणून काढता, हे फक्त मला समजतं, आणि लाजेनं आणि भीतीनं माझ्या कानशिलांना घाम येतो.

आत गार होतं. छतातल्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या खाली येत होत्या. निळ्या वेलबुट्टीची ताटं होती, हिरवट झिलईचे वाडगे होते, जहाजातून आलेल्या कमरेएवढ्या उंच बरण्या होत्या. खालच्या पाट्या वाचून मी तुम्हाला एकेकाची माहिती सांगत होते, बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. तुम्ही एकाही भांड्याकडं बघत नव्हता. छत बघायचात, मग दार किती लांब राहिलं ते बघायचात. मला छताची भीती जास्त वाटत होती का तुमच्या नकाराची, हे मला आजही सांगता यायचं नाही. शेवटच्या मोठ्या दालनात एका लांब उघड्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आपल्याकडं असतात तशाच, वर तपकिरी आणि खाली पांढऱ्या, प्रत्येकीवर झाकण. तिथं मात्र तुम्ही थांबलात. हात लावू नये अशी पाटी होती तरी एका झाकणाला बोटानं हळूच टिचकी मारलीत. ते किणकिणलं. तुम्ही सकाळपासून पहिल्यांदा हसलात. म्हणालात, हितं तर राखनीला लय भांडी हायत. मीही हसले. आता हो म्हणतील असं मला त्या क्षणी वाटलं. बाईंना फोन आला म्हणून त्या ऑफिसात गेल्या. तुम्ही हात मागं बांधून दालनाच्या पलीकडच्या टोकाला, त्या उंच बरण्यांच्या मागं गेलात.

आणि झाकणं वाजायला लागली. आधी एक, मग शेजारचं, मग सगळी ओळ. कुणी टिचकी मारलेली नव्हती. मला काही विचार आला असं म्हणणं खोटं होईल. मी उतारावरून खाली होते, मग दारात होते, मग वॉचमनला धक्का देऊन हिरवळीवर होते, आणि छपराच्या सावलीबाहेर पोचल्यावर मी पोट आवळून ओरडले, "मी भाईर हाय." कॉलेजची काही पोरं गवतावर बसली होती, ती माझ्याकडं बघायला लागली. वॉचमन टोपी उचलत आला आणि म्हणाला, आवं ताई, लई बारीक हुता, असलं हुतंच की अधनंमधनं. खरंच तोवर थांबलंही होतं. मी मागं वळले. तुम्ही माझ्या मागं नव्हता.

काचेतून तुम्ही दिसलात. तुमच्या डोक्यावर ते सगळं छत होतं आणि तुम्ही पळत नव्हता, मला शोधत होता. एका बरणीमागं वाकून बघितलंत, मग दुसरीमागं. आतल्या छोट्या खोलीत गेलात, परत बाहेर आलात. टोपी हातात होती. तुमचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, तुम्ही मला हाक मारत होता आणि त्या जाड काचेतून अक्षरही बाहेर येत नव्हतं. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत ओरडले, भाईर हाय आबा, मी भाईर हाय. माझंही आत जात नव्हतं. पहिल्या धक्क्यामागून दुसरा येतो, आजी त्या मधल्या वेळातच आत गेली होती, हे मला लहानपणापासून पाठ होतं. मी दारापर्यंत गेले. उंबरठ्यासारखी एक काँक्रीटची पट्टी होती, तिच्यावरून पाऊल उचलेना. तुमच्या नियमानं मला धरलं होतं का माझ्या भीतीनं, देव जाणे. एवढी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. मग मी काचेकडं धावले आणि दोन्ही तळव्यांनी ती बडवली. तुम्ही वळलात. मला बघितलंत. मला वाटलं आता तरी पळाल, पण तुम्ही तिथंच उभे राहिलात आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलंत. मग भिंतीला एक हात लावून, एकेक पाऊल टाकत उतार उतरून आलात. बाहेर आलात ते अनवाणीच. चपला घालायचं तुम्हाला सुचलंच नाही, त्या वॉचमननं आणून दिल्या.

फाटकाबाहेरच्या गाड्यावर आपण चहा घेतला. तुमच्या हातात कप बशीवर वाजायला लागला आणि आपण दोघंही दचकून उभे राहिलो. चहावाला बघत राहिला. तुम्ही कप खाली ठेवलात, बाकड्यावर बसलात आणि रस्त्याकडं बघत बोलायला लागलात. ती माज्यासाटी आत गेल्ती, म्हणालात. तुम्ही त्या पहाटे मागच्या दारानं गोठ्यात गेला होता, जनावरं सोडत होता. आजीला पुढच्या अंगणात तुम्ही दिसला नाहीत. "म्या वरडाया पायजे हुतं. येक डाव जरी वरडलो असतो, मी भाईर हाय, तर ती गेली नसती. म्हून तुमाला वरडाया लावायचो." बशीत सांडलेला चहा तुम्ही परत कपात ओतलात आणि म्हणालात, "आज मातूर मला कळलं, बाय. वरडलो असतो तरी ती गेलीच असती. डोळ्याला पोर दिसंना म्हटल्यावर कशाचा नेम आन्‌ कशाचं काय."

मग तुम्ही गार झालेला चहा एका घोटात संपवलात. मी धीर करून विचारलं, नोकरीचं काय करायचं. तुम्ही त्या इमारतीकडं बघितलंत, बराच वेळ बघितलंत. "कर," म्हणालात. "ते छत काय मला कळत न्हाई. तू पळतीस, तेवडं बास हाय. फकस्त भाईर आलीस की कुनालाबी दिसंल अशा जागी हुबी ऱ्हा." मी तिथंच रडले. तुम्ही मला गप्प केलं नाहीत, आणखी एक चहा सांगितलात. बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात की हे आईला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या आणि आईनं विचारलं, काल तुमाला धक्का कळला का वं. तुम्ही म्हणालात, न्हाई बा, आमी बसमदी हुतो. आयुष्यभर पत्र्याखाली भाजलेल्या बाईला तुम्ही स्लॅबखाली थांबलात हे कोणत्या तोंडानं सांगणार, असं तुम्हाला वाटलं असावं. मीही मान हलवली.

मी तिथं पुष्कळ वर्षं काढली. मऊ ब्रशनं बरण्या पुसल्या, शाळेच्या सहली फिरवल्या, माती हातात घेऊन ओळखायला शिकले. तुम्ही पुन्हा आत आला नाहीत. कधी डबा विसरले तर घेऊन यायचात आणि फाटकाशी, छपराच्या सावलीपासून लांब, उन्हात उभे राहायचात. झाकणं कितीदा तरी वाजली. दर वेळी मी पळाले, आणि पळताना पोरांना ढकलत, ओढत बाहेर काढलं. बाई मला चिडवायच्या, पण नंतर त्यांनीच हिरवळीवर सगळ्यांनी जमायची जागा ठरवून दिली. तुम्ही गेलात ते आपल्याच पत्र्याखाली, भर दुपारी, आईच्या मांडीवर. त्यानंतर मी आईला म्हटलं, आता तरी स्लॅब टाकूया. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, सवय झालीया. पळून बाहेर पडता यावं म्हणून मीही पुढं तळमजल्यावरच राहत आले. लग्न करतानाही मुलाच्या शिक्षणाच्या आधी घराचा मजला विचारला होता. तुमचे जावई अजून त्यावरून हसतात.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण तुमची नात. ती पुण्यात असते, तुम्ही पाहिलीत तेव्हा रांगत होती. तिनं घर घेतलंय, इतक्या वरच्या मजल्यावर की लिफ्टमध्ये कानाला दडे बसतात म्हणे. किल्ली मिळून कितीतरी दिवस झाले तरी ती राहायला गेलेली नाही. तिलाही रात्री कपाटाचं दार वाजलं की झोप लागत नाही, हे तिनं मला फोनवर सांगितलं. मी तिला कधी कोंडाळ्यापाशी पळवलं नव्हतं, आबा, तरी ते तिच्यात कुठून आलं कळत नाही. ती म्हणते, आई, तू एकदा येऊन त्या घरात उभी राहा, माझ्याबरोबर नुसती पाच मिनिटं उभी राहा, म्हणजे मी सामान हलवीन. तिला माझी परवानगी नको आहे. तिला कुणीतरी आत यायला हवं आहे.

मी तिला सांगितलं की गुडघे फार दुखतात, प्रवास झेपायचा नाही, जरा उतार पडला की येते. असं सांगून तीनदा पुढं ढकललं. ती बिचारी माझ्यासाठी तेलाच्या बाटल्या पाठवते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. गुडघ्यांना काही झालेलं नाही, आबा. तुम्ही आत आला होतात. माझं पाऊल अजून उचलत नाही.